पोरांचा खांदा आणि थोरांचं पदक

शालेय क्रीडा स्पर्धांच्या सरकारी यादीत बेसबॉल आहे. मुलामुलींचे वेगळे संघ, वयाचे गट, आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या पायऱ्या. भीमेच्या उत्तरेला शिरूर तालुका, दक्षिणेला दौंड. दोन्हीकडच्या शाळा पुणे ग्रामीणमध्ये धरल्या जातात. ऊस, कांदा आणि एमआयडीसीच्या या पट्ट्यात बेसबॉल म्हटलं की पुण्यातल्या माणसाला गंमत वाटते. त्यात गंमत वाटण्यासारखं काही नाही. ज्वारीच्या माळ्यावरून गोफण फिरवणाऱ्यांची ही नातवंडं. चिंचेच्या शेंड्यावरचा आकडा एका दगडात पाडणाऱ्या पोराला नेम म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही. फेकणं त्याला येतंच. कधी थांबायचं, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. ते सांगणं मोठ्या माणसांचं काम आहे, आणि मोठी माणसं पदक मोजण्यात गुंतलेली आहेत.

माझी तक्रार खेळाबद्दल नाही. ती मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्यांबद्दल आहे. त्यात क्रीडाशिक्षक आले, मुख्याध्यापक आले, संस्थाचालक आले आणि आपण पालकही आलोच.

आधी खेळातली एक गोष्ट समजून घेऊ, कारण सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला लागोपाठ दोन षटकं टाकता येत नाहीत. सहा चेंडू झाले की त्याने सीमारेषेजवळ जाऊन उभं राहायचं. म्हणजे विश्रांती खेळाच्या नियमातच विणलेली आहे. बेसबॉलच्या मूळ नियमांत असं काही नाही. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एकदा मधल्या उंचवट्यावर उभा राहिला की त्याला बदलायचं की नाही हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर. तो पहिल्या इनिंगपासून (डावापासून) शेवटच्या इनिंगपर्यंत एकटा फेकू शकतो, आणि फेक चांगली असेल तर त्याच्याकडून तसं फेकून घेतलंच जातं. म्हणून लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये मोठ्यांना स्वतःला आवर घालणारा नियम बाहेरून आणावा लागतो.

तसा नियम अमेरिकेने आणला, तोही उशिरा. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट या गावात १९३९ मध्ये लिटल लीग सुरू झाली. पुढे ती मुलांच्या बेसबॉलची जगातली सर्वांत मोठी संस्था झाली. पिचरने किती इनिंग टाकायच्या याची मर्यादा तिथे होती, पण एका इनिंगमध्ये दहा चेंडूही लागतात आणि चाळीसही लागतात. २००७ पासून तिने चेंडूच मोजायला सुरुवात केली. सात-आठ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ५० चेंडू टाकायचे. नऊ-दहाच्या मुलाने ७५. अकरा-बाराच्या मुलाने ८५. तेरा ते सोळा वयाला ९५. शिवाय सक्तीची विश्रांती. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकले तर पुढचे चार दिवस त्याने पिचर म्हणून उभं राहायचं नाही. ५१ ते ६५ झाले तर तीन दिवस, ३६ ते ५० झाले तर दोन, २१ ते ३५ झाले तर एक. सामना अंतिम फेरीचा असला म्हणून यात सूट नाही.

आता आपल्याकडच्या स्पर्धेशी हे ताडून पाहा. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या आणि उरकण्याच्या घाईतल्या. पाऊस, परीक्षा आणि मैदानाची उपलब्धता सांभाळून एक-दोन दिवसांत सगळं संपवायचं असतं. जिंकणाऱ्या संघाला एका दिवसात दुसरा, कधी तिसरा सामना खेळावा लागतो. संघात जोरात आणि नेमका फेकणारा मुलगा बहुधा एकच, कारण शिकवलेलाच एक असतो. तोच सकाळी फेकतो आणि तोच उन्हं कलताना फेकतो. त्याचा खांदा भरून आला की त्यावर फवारा मारतात आणि ‘शेवटचाच सामना आहे’ म्हणून पाठीवर थाप देतात. त्या थापेत प्रेम असतं, हे मी नाकारत नाही. पण चेंडू मोजणारा माणूस आणि त्याची वही त्या मैदानावर नसते.

यावर ठरलेलं उत्तर असतं: आमची पोरं काटक आहेत, पहाटे उठून शेतात पाणी धरतात, अमेरिकेचे चोचले आम्हाला कशाला? तर काटकपणाचीच गोष्ट घेऊ. २०१८ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये कोशिएनच्या मैदानावरच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत अकिता प्रांतातला एका कृषी शाळेचा संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला. शेतकऱ्यांची पोरं, सरकारी शाळा. १९१५ नंतर त्या प्रांताचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामना खेळत होता. सगळा जपान त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्यांचा पिचर कोसेई योशिदा याने त्या एका स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. अंतिम सामन्यात ओसाका तोइन या बलाढ्य शाळेने त्याला धुऊन काढलं. योशिदा पुढे व्यावसायिक खेळाडू झाला, म्हणजे गोष्टीचा शेवट वाईट नाही. तरीही, सोसणं हाच ज्यांच्या शालेय बेसबॉलचा धर्म होता त्या जपानी लोकांना तो ८८१ चा आकडा टोचला. वाद झाला, तज्ज्ञांची समिती बसली आणि २०२० पासून एका पिचरने आठवड्यात ५०० पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत असा नियम झाला. मला तर ५०० सुद्धा फार वाटतात. पण काटकपणाचं कौतुक करणाऱ्या समाजानेच हा नियम केला, हे आपल्या काटकपणाच्या भक्तांनी लक्षात घ्यावं.

वैद्यकीय बाजू अवघड नाही. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक मऊ पट्टा असतो. हाड लांब होतं ते तिथून. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. जोरात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूला ताण बसतो. मोठ्या माणसात तो ताण अस्थिबंध सोसतो, मुलात तो या कच्च्या पट्ट्यावर येतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या संशोधकांनी नऊ ते चौदा वयाच्या ४८१ पिचर मुलांचा दहा वर्षं माग ठेवला आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडला: वर्षाला शंभरहून अधिक इनिंग टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका इतरांच्या साडेतीन पट. त्याआधीच्या, २००६ च्या एका अभ्यासातला आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. हात थकलेला असताना नेहमी फेकत राहणाऱ्या तरुण पिचरांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. म्हणजे आपण ‘अजून थोडं’ म्हणतो, ती वेळ सगळ्यात घातक. आणि ज्या पोराला सामन्याच्या आदल्या दिवशी बाजरी काढायला किंवा कांदा भरायला हात लावावा लागला, त्याचा हात मैदानावर येण्याआधीच थकलेला असतो. काटकपणाच्या युक्तिवादाचा अर्थ हाच निघतो की आपल्याकडे मर्यादा अमेरिकेपेक्षा खाली हवी.

चांगला प्रशिक्षक कोण, हे मी यावरून ठरवतो की त्याच्या संघात किती पिचर आहेत. चार असले तर तो शिकवतो. एकच असला तर तो मिळालेल्या पोराच्या अंगभूत ताकदीवर जगतो. फेकण्याचं कसब शिकवता येतं: चेंडू तळहातात न दाबता बोटांच्या पेरांत धरायचा, पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेला टाकायचा, आधी कंबर वळली पाहिजे आणि मग खांदा, आणि फेक संपल्यावर हात झटक्याने अडवायचा नाही, तो पलीकडच्या गुडघ्याकडे जाऊ द्यायचा. मैदान लहान असावं हाही शिकवण्याचाच भाग. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर आणि फलंदाजापुढची होम प्लेट यांच्यात १८.४४ मीटर अंतर असतं, धावत गाठायच्या दोन बेसमध्ये २७.४३ मीटर. लिटल लीगची बारा वर्षांपर्यंतची मुलं १४ मीटरवरून फेकतात आणि त्यांचे बेस १८.२९ मीटरवर असतात. फक्की मारायला तेवढाच चुना लागतो, उलट थोडा कमी. सहावीतल्या मुलाला मोठ्यांच्या अंतरावरून फेकायला लावलं की तो अंग वाकडं करून, झोके देऊन चेंडू पोचवतो, आणि ती वाकडी सवय दहावीपर्यंत सुटत नाही.

ग्लोव्हची गोष्ट वेगळीच. आपली मुलं क्रिकेटवर वाढलेली, त्यामुळे झेल घ्यायला दोन उघडे तळहात पुढे करतात. डाव्या हातात कातडी ग्लोव्ह आला की पहिले काही आठवडे ती चेंडूला घाबरतात, डोळे मिटतात, मान वळवतात. अशा वेळी ओरडून काही होत नाही. टेनिस बॉल घ्यावा, अंतर कमी करावं, सरपटत येणारा चेंडू छातीसमोर दोन्ही हातांनी घ्यायला लावावा, आणि भीती गेली की मग खरा चेंडू. ज्याला एवढा धीर नाही तो पोरांना मैदानाला पाच चकरा मारायला लावतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. मैदान शाळेच्या भिंतीबाहेर आहे असं समजून काही जण वागतात. खरं तर या खेळाएवढी चूक माफ करणारा खेळ नाही. दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज मोठ्या व्यावसायिक सामन्यांतही उत्तम गणला जातो. सात वेळा चुकलेल्या माणसाला तिथे उत्तम म्हणतात आणि इथे आपण पहिल्या चुकीला कानाखाली काढतो!

आता जन्मतारखेकडे येतो. हा विषय कुणाला आवडत नाही.

आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीत पुष्कळांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख सोयीची वाटली ती लिहिली. त्यात लबाडी नव्हती, अडाणीपणा होता. आज जन्मदाखले आहेत, आधार आहे, तरी वयोगटाच्या स्पर्धेत मिसरूड फुटलेला ‘चौदा वर्षांखालचा’ दिसला की मैदानावरचे सगळे एकमेकांकडे बघून हसतात आणि सामना सुरू होतो. ते हसू मला सहन होत नाही. समोर उभा असलेला खराखुरा तेरा वर्षांचा मुलगा त्या वेळी शिकत असतो की कागद जिंकतो.

२००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या संघाचा डॅनी अल्मोंटे हा पिचर लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत गाजला. एका सामन्यात त्याने समोरच्या संघातल्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. नंतर डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या जन्मनोंदीवरून उघड झालं की तो बाराचा नव्हता, चौदाचा होता. संघाचा तिसरा क्रमांक काढून घेतला, सगळे विजय पुसले, आणि संघ चालवणाऱ्याला व मुलाच्या वडिलांना लिटल लीगमधून कायमचं बाहेर काढलं. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली: त्या वसंतात तो पोरगा शाळेतच जात नव्हता. मोठ्यांनी त्याला फेकायच्या कामावर लावलं होतं. अधिकाऱ्यांनी मुलाला दोषी धरलं नाही, हे त्यांनी योग्य केलं. पण त्याच्या नावापुढे तो शिक्का आजही आहे, आणि शिक्का मारायला कारण झालेल्या माणसांची नावं कुणाला आठवत नाहीत.

आपल्याकडे ही लबाडी कशासाठी होते, तेही समजून घ्यावं लागेल. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण आहेत. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दौंडमध्ये राज्य राखीव पोलिस दलाचे दोन गट आहेत. तिथल्या पोराच्या डोळ्यांसमोर गणवेश लहानपणापासून असतो आणि भरतीसाठी पहाटे धावणारी मोठी मुलं तो रोज पाहतो. दोन एकर रान, त्यात तीन भाऊ, उसाचं बिल वेळेवर येईल याची खात्री नाही. अशा घरातल्या बापाला प्रमाणपत्रात पोराची नोकरी दिसली तर त्याला हसायचा अधिकार मला नाही. मात्र त्या बापाला खरी परिस्थितीही सांगायला हवी. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात गाजली आहेत, ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाचं नाव महाराष्ट्राला त्या निमित्ताने कळलं, आणि प्रमाणपत्रांची पडताळणी आता कडक झाली आहे. खोट्या वयावर किंवा न खेळलेल्या सामन्यावर उभी असलेली नोकरी दहा वर्षांनीही जाऊ शकते. आणि तिने आधी एका खऱ्या खेळाडूची जागा खाल्लेली असते. तोही कुणाच्या तरी दोन एकरांतलाच असतो.

पदकाच्या या घाईत बाकावर बसलेली पोरं कुणालाच दिसत नाहीत. यादीत सोळा नावं, खेळतात नऊ, उरलेली पाण्याच्या बाटल्या आणि बॅटच्या पिशव्या सांभाळतात. लिटल लीगमध्ये प्रत्येक मुलाला सामन्यात किमान एकदा फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणात सहा खेळाडू बाद होईपर्यंत मैदान द्यावंच लागतं. न दिल्यास प्रशिक्षकावर कारवाई होते. शाळेच्या पैशाने चालणाऱ्या आपल्या संघांना हा नियम जास्तच लागू व्हायला हवा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची मुलं फडाजवळच्या शाळांत येऊन बसतात. वर्गात त्यांना जागा मिळते. मैदानावर कुणी हाक मारत नाही. स्पर्धेच्या यादीत त्यांचं नाव घालता येणार नाही, मान्य. संध्याकाळच्या सरावात घेतलं तर कोणता नियम मोडतो?

मुलींबद्दल बोलायचं तर दौंड तालुक्यात बोलताना पंडिता रमाबाईंना वगळता येत नाही. १८८६ ते १८८८ त्या अमेरिकेत होत्या. तिथल्या समाजस्थितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं ते १८८९ मध्ये. पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं आणि १९२२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. दुष्काळात सापडलेल्या, टाकलेल्या मुलींना त्यांनी छापखान्यापासून शेतीपर्यंत हातची कामं शिकवली, तीही या मातीत. त्या केडगावच्या आसपास आज मुलीला आठवीनंतर ‘आता मैदान पुरे’ असं सांगितलं जात असेल, तर आपण सव्वाशे वर्षांत नेमकं काय कमावलं? अमेरिकेनेही याबाबत फार शहाणपण दाखवलं नव्हतं. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकनमधली बारा वर्षांची मारिया पेपे संघात तीन सामने खेळली आणि मुलगी म्हणून तिला काढलं. खटला झाला. मुलींची हाडं कमकुवत असतात, असा युक्तिवाद लिटल लीगच्या बाजूने करण्यात आला. १९७४ मध्ये मुलींना दार उघडलं. मुलींच्या हाडांची एवढी काळजी वाहणाऱ्या त्या संस्थेला मुलांच्या कोपरासाठी चेंडू मोजायला आणखी तेहेतीस वर्षं लागली! आपल्या शेजारच्या बारामतीची रेश्मा पुणेकर भारतीय महिला संघातून बेसबॉल खेळली आहे. आपल्या शाळांतल्या मुलींना तिचं नाव सांगायला खर्च येत नाही.

खर्चाचा प्रश्न निघालाच आहे. ग्लोव्ह, हेल्मेट, कॅचरची छातीची ढाल हे सगळं महाग असतं, आणि क्रीडाशिक्षकाची जागाच भरलेली नसेल तर सामान घेऊन करायचं काय, हेही खरं. सरकारने जागा भराव्यात ही मागणी आहेच. पण शिरूरकरांच्या अंगणात दुसरा एक मार्ग उभा आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, आणि त्या कामांच्या यादीत खेळाचं प्रशिक्षण स्पष्टपणे आहे. रांजणगाव एमआयडीसीत एलजीचा कारखाना आहे. या कोरियन उद्योगसमूहाचा सोलमध्ये स्वतःचा बेसबॉल संघ आहे, एलजी ट्विन्स. २९ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०२३ मध्ये त्याने कोरियाचं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा तिकडे मोठा जल्लोष झाला. म्हणजे ज्यांना बेसबॉल काय हे समजावून सांगावं लागणार नाही असे लोक आपल्या तालुक्यातच आहेत. त्यांच्याकडे चषकासाठी आणि फलकासाठी वर्गणी मागायला जाऊ नये. हेल्मेट, लहान मापाचे ग्लोव्ह आणि प्रशिक्षकांचं शिबिर मागावं.

चेंडू मोजायला मात्र कंपनी लागत नाही, सरकारही लागत नाही. शंभर पानी वही, एक पेन आणि बाकावर बसलेला एक मुलगा पुरतो. जिल्ह्याच्या स्पर्धेत हा नियम नसला तरी शिरूर आणि दौंडच्या शाळांनी आपसात तो पाळायला कुणाची परवानगी नको. मुख्याध्यापक संघाच्या एका बैठकीत दोन्ही तालुक्यांना ठरवता येईल: सामन्याआधी दोन्ही संघांचे जन्मदाखले समोरासमोर पाहायचे, पिचरचे चेंडू दोन्ही बाजूंनी मोजायचे, मर्यादा आली की तो खाली उतरेल, आणि यादीतला प्रत्येक मुलगा मैदानावर उतरल्याशिवाय सामना संपला असं धरायचं नाही.

पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी संघात असेल तर शिक्षक-पालक संघाच्या पुढच्या सभेला जा. पदकं किती आली हे तिथे आपणहून सांगतील. तुम्ही ती वही मागा. वही नसेल, तर ती सुरू होईपर्यंत आपल्या पोराला पिचर म्हणून उभं करू नका.